मधली वीट

नाना, काल तुमचा रांजण माझ्या घरी आला. पिकअपमधून उतरवायला चौघे लागले आणि चौघांनीही तुमच्या नावाने खडे फोडले. "असलं धूड कुणी स्वयंपाकाला वापरतं का?" असं त्यातल्या एकाने विचारलंसुद्धा. मी म्हटलं, वापरायचे एक जण. 'वापरायचे' म्हणताना जीभ अडखळली. दीड महिना झाला तुम्हाला जाऊन, पण शुक्रवार उजाडला की मी अजूनही पायात चपला सरकवून तुमच्या घराकडे निघतो आणि कोपऱ्यावरच्या पाण्याच्या टाकीपाशी पोचल्यावर मला आठवतं. मग तिथूनच परत फिरतो. घरी सुधा चहा पुढे ठेवते.

वहिनी गावी तुमचं दिवसकार्य उरकून घर रिकामं करायला परत आल्या आहेत. कंपनीचं घर, महिनाअखेर किल्ल्या द्यायच्या. भांडी वाटली, कूलर विकला, तुमचे शर्ट ड्रायव्हर लोकांना दिले. रांजणाचं काय करायचं ह्यावर मात्र त्यांनी कुणाला तोंडच उघडू दिलं नाही. "तो शंकरभावजींकडे जायचा," एवढंच म्हणाल्या. सोबत जुन्या गोणपाटात गुंडाळलेल्या तुमच्या विटाही आल्या आहेत. मी त्या अजून सोडलेल्या नाहीत. आधी तुमच्याशी बोलून घ्यावं म्हटलं.

तो रांजण आला कसा, ते आठवतंय ना? प्लँट उभा करायला आलेला जपानी साहेब काम संपवून परत निघाला, तेव्हा त्याच्या मागच्या व्हरांड्यात ही वस्तू पडून होती. कमरेइतकी उंच, पोटाला गोल, चार बोटं जाड भाजक्या मातीची, वरून हिरवट चकाकी. कोळशाला हवा मिळावी म्हणून खाली छोटं दार, वर बिजागरीचं जड झाकण आणि झाकणाच्या डोक्यावर धूर जायला भोक. साहेबाने तिचं जपानी नाव दोनदा सांगितलं. तुम्ही दोनदा मान डोलावलीत आणि तिसऱ्यांदा खुशाल 'रांजण' म्हणालात. साहेब हसला, तुम्ही हसलात, आणि आखातात, उम्म सईदच्या आपल्या त्या वाळूने वेढलेल्या वसाहतीत एका रांजणाचा जन्म झाला.

पहिल्या शुक्रवारी तुम्ही त्यात बोकडाची अख्खी तंगडी थेट निखाऱ्यांवरच्या जाळीवर ठेवलीत. बाहेरून कोळसा आणि आत रक्त. मी कराडकडचा माणूस, आमच्याकडे मटण म्हणजे पातेलं, कांदा-खोबऱ्याचं वाटण आणि चुलीचा जाळ. मी बोललो, "नाना, एवढ्या मोठ्या मडक्यात नुसतं मटण भाजायचं म्हणजे लग्नाच्या चुलवणावर बाळंतिणीची पेज." तुम्हाला ते लागलं. तुमचा धंदाच आगीचा होता. पोलादाच्या भट्टीला आतून विटांचं अस्तर लावणारी टोळी तुमच्या हाताखाली होती. भट्टीत लोखंडाचं पाणी होतं, पण भट्टीचं स्वतःचं लोखंड जागच्या जागी राहतं, ते कुणामुळे? विटांमुळे. ओळख झाल्यावर पहिल्या पाच मिनिटांत तुम्ही मला हे ऐकवलं होतं. गर्व होता तुम्हाला, आणि तो लपवायची तसदी तुम्ही कधी घेतली नाहीत.

पुढच्या शुक्रवारी मी आलो तर तुम्ही रांजणात डोकं घालून बसला होतात. स्टोअरवाल्या साहेबाला विचारून आणलेल्या, उरलेल्या कोऱ्या, पातळ फायरब्रिक शेजारी मांडलेल्या. "वापरलेल्या भट्टीतली वीट अन्नाजवळ हाडायची नाय," हे तुम्ही मला बजावलंत, जणू मी रोज आणत होतो. तुमचा बेत साधा होता. खाली निखारे, त्यांच्यावर एक जाळी, जाळीवर विटा, आणि विटांच्या वर दुसऱ्या जाळीवर मटण. म्हणजे आग आणि मटणाची समोरासमोर भेटच नाही. आच कडेने वर जाणार, झाकणाला आपटणार आणि मटणाला चहूकडून वेढणार.

त्या दिवशी तुम्ही रांजणाचं तोंड विटांनी गच्च भरून टाकलंत. भट्टीच्या सवयीने, फट म्हणून कुठे ठेवली नाही. आग गुदमरली, निखारे विझले आणि आपण अंड्याची पोळी खाऊन उठलो. मी हसतोय हे बघून तुम्ही म्हणालात, "हस, मेल्या हस. भट्टीत फट ऱ्हवली तर घात होता. हयसर फट नाय म्हणान घात झालो." तिसऱ्या शुक्रवारी विटांच्या चारी कडांना बोटभर जागा सोडलीत. आणि मग जे मटण बाहेर आलं त्याची चव अजून माझ्या तोंडात आहे. वरून खरपूस, आत लोण्यासारखं मऊ, आणि करपल्याचा वास औषधालाही नाही. तुम्ही मात्र नुसते हात पुसत व्हरांड्यात येरझाऱ्या घालत होतात, परीक्षेत पहिल्या आलेल्या पोराच्या बापासारखे.

त्यानंतर तुमच्या विटांचे सोहळे सुरू झाले. नवी वीट आधी मंद आचेवर वाळवायची. विटेला कधी पाणी दाखवायचं नाही, ओली वीट तापली की फुटते. तापलेल्या रांजणाचं झाकण एकदम उघडायचं नाही, आधी बोटभर उचलायचं, आतला जाळ शांत होऊ द्यायचा. विटांवर पत्र्याच्या ताटलीत पाणी, म्हणजे चरबी ठिबकून धूर होणार नाही. दर पावसाळ्यानंतर, म्हणजे आपल्याकडे पाऊस नाहीच, तर दर उन्हाळ्यानंतर सगळ्या विटा काढून टिचकी मारून ऐकायच्या. खणखणीत वाजली तर आत, भद्द वाजली तर बाहेर. वहिनी म्हणायच्या, "माझ्यापेक्षा त्या विटांशी जास्त बोलतात हे."

आपला वाद तेव्हापासूनचा. मी म्हणायचो, मटणाला आगीची झळ लागली पाहिजे, नाहीतर ते दवाखान्यातलं पथ्याचं जेवण. तुम्ही म्हणायचात, "तुमी घाटावरले सगळे असेच. आग खावची नसता रे, ऊब खावची असता. मधी वीट व्हयीच." मी इन्स्ट्रुमेंटचा माणूस. एकदा वर्कशॉपमधला टाकाऊ तापमापक आणून तुमच्या झाकणाच्या भोकात बसवला. तुम्ही चष्मा कपाळावर चढवून त्या तबकडीकडे बघितलंत आणि म्हणालात, "रांजनाक ताप इलो काय रे?" दुसऱ्या दिवशी तो तापमापक माझ्या टेबलावर, वर्तमानपत्रात गुंडाळून परत. तुम्हाला झाकणावर तळहात टेकवून आच कळायची. मला अजून कळत नाही. अल खोरच्या बंदरावरून ताजा हमूर मासा आणायला आपण भल्या पहाटे गाडी काढून जायचो, तेव्हा जाताना तापमापकाच्या बाजूने मी बोलायचो आणि येताना तळहाताच्या बाजूने तुम्ही. मासे मागच्या सीटवर बर्फात निवांत पडलेले असायचे. एवढा रस्ता, दोन्ही बाजूंना नुसतं पिवळं माळरान, पण कधी लांब वाटला नाही.

आता त्या शुक्रवाराकडे येतो. इतकी वर्षं आपण दोघेही त्याच्या भोवती फिरत राहिलो.

तेव्हा सुधा आणि मिनू इकडे यायच्या होत्या, मी एकटाच होतो. माझी सकाळची शिफ्ट होती. ती संपवून कंपनीच्या बसने थेट तुमच्याकडे जेवायला यायचं ठरलेलं. तंगडी सकाळीच रांजणात गेली होती, आदल्या दिवशी तुम्ही तिला दही आणि मसाला चोळताना मी पाहिलं होतं. माझ्या घरी फोन नव्हता, म्हणून गावाला तुमचाच नंबर दिलेला. अकराच्या सुमाराला त्या फोनवर माझ्या चुलत भावाचा ट्रंक कॉल आला. आमचे अण्णा सकाळी गेले. शेतावरून आले, ओसरीवर टेकले आणि गेले.

मी आलो तेव्हा तुम्ही दारातच उभे होतात. माझ्या खांद्यावर हात ठेवलात आणि म्हणालात, "इलंस? हात-पाय धू. आधी जेवान घे." तसं तुम्ही दर वेळी म्हणायचात, त्यामुळे मला काही वेगळं वाटलं नाही. पानावर बसलो तर वरण-भात, वर लिंबाची फोड. मी इकडे तिकडे बघितलं. "नाना, तंगडी?" तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, "आज विटांनी दगो दिल्यानी रे. शिजूक नाय."

मग काय, माझ्या जिभेला लगामच राहिला नाही. भट्टीचा एवढा मोठा बादशहा आणि एक तंगडी शिजेना. विटा बहुतेक सुट्टीवर, शुक्रवार ना आज. मी म्हटलं, त्यांना ओव्हरटाइम द्या. मी हसलो, वरण-भात कालवून कालवून खाल्ला, दुसऱ्यांदा घेतला. तुम्हीही माझ्याबरोबर तेच जेवत होतात, खाली मान घालून. वहिनी स्वयंपाकघरातून बाहेर आल्याच नाहीत. मी आचवून आलो, तुम्ही मला शेजारी बसवलंत आणि सांगितलंत.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांत आठवतं. माझा पासपोर्ट टीपॉयवर ठेवलेला होता. पासपोर्ट कंपनीच्या कपाटात असायचे, देशाबाहेर जायला एक्झिट परमिट लागायचं आणि शुक्रवारी ऑफिस बंद. पर्सोनेलच्या सुदानी साहेबाला नमाजानंतर मशिदीच्या दारात गाठून, त्याला गाडीत घालून ऑफिस उघडायला लावून, तुम्ही सगळं करून आणलं होतंत. सकाळच्या विमानात जागा होती. गावी भाऊबंद माझ्यासाठी थांबणार नव्हते, संध्याकाळीच अग्नी देणार होते, हेही तुम्ही विचारून घेतलं होतंत. मला तासभर आधी कळलं असतं तरी मी कुठेही लवकर पोचणार नव्हतो. हे सगळं मला तेव्हाही कळत होतं. तरी मी तुमच्यावर ओरडलो. "दारातच का नाही सांगितलंत? माझा बाप गेलेला आणि मी तुमच्या पानावर बसून दात काढत होतो!"

तुम्ही शांतपणे म्हणालात, "दारात सांगलंय असतंय तर तू दारातच रवलो असतंस."

आपल्याकडे जुनी माणसं करतात तसं, हे मला माहीत होतं. वाईट बातमी घेऊन आलेला माणूस आधी पाणी मागतो, गुराढोरांची चौकशी करतो, घरातल्यांची जेवणं झाली का बघतो. कारण एकदा सांगितलं की त्या घरातली चूल थंड होते आणि कुणाच्या घशाखाली घास उतरत नाही. रीत म्हणून मला ती कळत होती. पण ती माझ्यावर चालवलेली मला सोसत नव्हती. तो एक तास माझा आणि अण्णांचा होता, असं मला वाटायचं, आणि तो तुम्ही माझ्याकडून काढून घेतलात. गावाहून परत आल्यावर मी हे तुम्हाला दोनदा-तीनदा बोलून दाखवलं. तुम्ही ऐकून घेतलंत. "तुझां बरोबर आसा," असंही एकदा म्हणालात. पण चुकलो, असं म्हणाला नाहीत. तोच आपला न मिटलेला वाद. तापमापकाचा वाद हा त्याचा धाकटा भाऊ.

पुढे एक गंमत झाली. दोन वर्षांनी सुधा-मिनू आल्या, जोशी स्टोअरमध्ये रुजू झाला, शुक्रवारची पंगत वाढली. एकदा जोशीने विचारलं, "नाना, विटांनी कधी दगा नाही का दिला?" तुम्ही निखारे सारखे करायला वाकलात. मी लगेच म्हटलं, "एकदा दिला की! मला वरण-भातावर वाटेला लावलं होतं." सगळे हसले. तुम्हीही हसलात. तेव्हापासून तो आपल्या पंगतीचा ठरलेला विनोद झाला. तुम्ही झाकणाला हात लावला की जोशी ओरडायचा, "आज विटा दगा देणार नाहीत ना?" आणि मी त्या शुक्रवारची तंगडी काढायचो. अण्णांचं नाव न घेता त्या दिवसाला हात लावायची तीच एक वाट मला सापडली होती. तुम्हाला ते कळत असावं. नाहीतर तुमच्या विटांना कुणी नाव ठेवलेलं तुम्ही ऐकून घेतलं नसतंत. स्टोअरच्या साहेबाने एकदा 'लोकल क्वालिटी' म्हटलं तर त्याच्याशी आठवडाभर बोलला नव्हतात.

मिनू तुमची लाडकी. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीतून. "नाना आजोबा, व्हाय डोन्ट यू जस्ट पुट इट ऑन द फायर?" असं तिने विचारलं तेव्हा मला वाटलं, लेक शेवटी बापाच्या बाजूची निघाली. तुम्ही तिला उन्हात नेऊन उभं केलंत, मग व्हरांड्याच्या सावलीत आणलंत. "उन थंय आसा, ऊब हयसर आसा. खंय बरां वाटता?" ती म्हणाली, "हिअर." तुम्ही माझ्याकडे बघून नुसत्या भुवया उडवल्यात. यल्ला, खलास, वाद संपला, असा त्याचा अर्थ.

आणि मग तो सोमवार.

भट्टी बंद ठेवून अस्तराचं काम चाललं होतं. तुम्ही आत उतरला नव्हतात, बाहेर खुर्चीवर बसून वीट वाजवून बघत होतात, असं तुमच्या टोळीतली पोरं सांगतात. वीट हातातून सुटली आणि तुम्ही एका बाजूला कललात. मी पोचलो तेव्हा अँब्युलन्समध्ये तुम्हाला चढवत होते. दोह्यापर्यंत मी तुमच्या पायाशी बसून होतो. डॉक्टरांनी बाहेर येऊन मान हलवली, तेव्हा माझ्या मनात पहिलं काय आलं सांगू? आता वहिनींना कोण सांगणार. ऑफिसातला माणूस म्हणाला, "आम्ही कुणाला तरी पाठवतो." मी म्हटलं, नको, मी जातो.

परतीच्या वाटेवर मी वाक्य घोटत होतो. वहिनी, नाना गेले. दारातच सांगायचं. हातपाय धुणं नाही, पाणी नाही, इकडचं तिकडचं नाही. ज्याचं दुःख आहे त्याला ते ताबडतोब मिळालं पाहिजे, हे मी तुम्हाला एवढी वर्षं सांगत आलो होतो. निदान आज तरी तसं वागावं. सूर्य नुकताच बुडाला होता, प्लँटच्या चिमणीवरचा जाळ तेवढा दिसत होता.

वहिनींनी दार उघडलं. देवापुढचा दिवा आत दिसत होता. सोमवार होता नाना, त्यांचा उपास. सकाळपासून पोटात काही नाही. ताट वाढलेलं, भात वाफाळत होता, वालाची उसळ, आणि शेजारी तुमचं ताट पालथं घालून ठेवलेलं. "या भावजी," त्या म्हणाल्या. "हे खंय ऱ्हवले?"

मी घोटलेलं वाक्य तोंडापर्यंत आलं होतं. देवाशपथ आलं होतं. पण त्या भाताकडे माझं लक्ष गेलं आणि मी म्हणालो, "प्लँटवर थोडं काम निघालंय. वहिनी, तुम्ही आधी जेवून घ्या."

त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं. मग पाटावर बसल्या, पानाला नमस्कार केला आणि जेवल्या. सावकाश, सगळा भात नाही, पण निम्मा संपवला. मी समोरच्या खुर्चीत बसून होतो. घड्याळाकडे बघायची हिंमत नव्हती. त्यांनी आचवून पदराला हात पुसले, मग मी सांगितलं. त्या ओरडल्या नाहीत. भिंतीला टेकून खाली बसल्या आणि तुमचं पालथं ताट उचलून मांडीवर घेतलं. सुधा येईपर्यंत आम्ही तसेच बसलो होतो.

त्या रात्रीपासून मला एकच गोष्ट टोचत होती. तुमच्यावर ज्यासाठी एवढा संतापलो तेच मी केलं, आणि तेही तुमच्या घरात, तुमच्या बायकोबरोबर. परवा रांजण हलवायचं ठरवायला गेलो तेव्हा राहवलं नाही. म्हटलं, "वहिनी, मी तुम्हाला दारातच सांगायला हवं होतं. तुम्ही माझ्यावर रागावला असाल."

वहिनी वर्तमानपत्रात कपबशा गुंडाळत होत्या. "कळलं होतं मला दारातच," त्या म्हणाल्या. "तुम्ही 'आधी जेवून घ्या' म्हणालात ना, तेव्हाच. हे वाक्य ह्या घरात मी एकदा ऐकलेलं होतं."

मी विचारलं, "मग जेवलात कशा?"

"तुमच्यासाठी. तुमचा चेहरा बघितला आणि म्हटलं, ह्यांना सांगायला जरा वेळ हवाय. तेवढा द्यावा."

नाना, मी आयुष्यात इतका रडलो नव्हतो. अण्णा गेले तेव्हाही नाही. वहिनींनी मला रडू दिलं, कपबशा गुंडाळत राहिल्या. मग त्याच आवाजात म्हणाल्या, "आणि एक सांगू? ती तुमची तंगडी."

"कोणती तंगडी?"

"तुम्ही पंगतीत सांगता ती. न शिजलेली. ती झाली होती हो. फोन आला त्याच्याआधीच झाली होती. हाडापासून सुटून येत होती. तशी तंगडी त्या रांजणात ना आधी झाली, ना नंतर. फोन ठेवल्यावर ह्यांनी झाकण उघडून बघितलं आणि मला म्हणाले, 'शंकराच्या पानात ह्या वाढू नको. त्याका ठावक नाय, पण आमका ठावक आसा.' बापाचं सुतक तुम्हाला तेव्हाच लागलं होतं ना, कळलं नव्हतं तरी. सगळी तंगडी ड्रायव्हर लोकांच्या खोलीवर पाठवून दिली आणि मला वरणाचा कुकर लावायला सांगितला. मी विचारलं, भावजींना काय सांगायचं? तर आधी विटांकडे बघत राहिले. मग म्हणाले, विटांवर ढकलूया."

वहिनी हसल्या. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा हसल्या असतील. "जिवावर आलं होतं त्यांच्या. दुसरं काहीही बोलले असते. आणि तुम्ही दर शुक्रवारी तेच काढत होता. मी एकदा म्हटलं, आता तरी सांगा. तर म्हणाले, 'नको. त्याका हसाक बरां वाटता.'"

आठ वर्षं, नाना. स्टोअरच्या साहेबाचा एक शब्द तुम्हाला सोसला नाही, आणि माझ्याकडून दर शुक्रवारी चारचौघांत विटांची टिंगल ऐकून घेतलीत. तो एक तास तुम्ही माझ्याकडून काढून घेतला असं मी म्हणत होतो. त्या तासात तुम्ही माझ्या बापाचं सुतक माझ्या वतीने पाळत होतात. मला कळायच्या आधी माझं दुःख तुम्ही धरून बसला होतात, आणि वरून मी तुम्हाला ओव्हरटाइमचे विनोद ऐकवत होतो. तुमचे उपकार झाले असं म्हटलं तर तुम्ही मला व्हरांड्यातून हाकलून दिलं असतंत. तरी म्हणतो. तुम्ही नाहीच आता हाकलायला.

सगळे वाद मिटले असं मात्र समजू नका. तळहाताने आच कळते हे मला अजून मान्य नाही. तापमापक मी जपून ठेवलाय.

आज शुक्रवार. हे सगळं लिहून झाल्यावर मी गोणपाट सोडलं. विटा एकेक करून टिचकी मारून ऐकल्या, मिनूलाही ऐकवल्या. सगळ्या खणखणीत. निखारे फुलले, विटा मांडल्या, चारी कडांना बोटभर जागा सोडली. मिनूने प्रत्येक फटीत आपलं बोट घालून बघितलं, तिचं बोट बारीक, म्हणून माझंही घालायला लावलं. झाकण लावलं आणि कुणी बघत नाही असं पाहून मी त्यावर तळहात टेकवला. चटका बसला. तुमचा तळहात कसला होता कोण जाणे.

दुपारी सगळे आले. वहिनीही आल्या, पुढच्या आठवड्यात त्यांचं विमान आहे. तुमच्या जागेवर कुणी बसलं नाही, पण कुणी तसं बोलूनही दाखवलं नाही. पानं मांडली. मी झाकण आधी बोटभर उचललं, दम धरला, मग उघडलं. मटण हाडापासून सुटत होतं. जोशी सवयीने बोलून गेला, "विटांनी दगा नाही ना दिला?" आणि मग त्याचं त्यालाच कसंसं झालं.

"त्या विटांनी कधीच दगा दिला नव्हता," मी म्हणालो.

"म्हणजे? आणि तो शुक्रवार? तुमचा वरण-भात?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. वहिनींनी ताटावरून मान वर केली नाही. मी पहिला तुकडा त्यांच्या पानात वाढला, मग जोशीच्या.

"आधी जेवून घ्या," मी म्हटलं. "मग सांगतो."